तार तुटण्याआधी सांगते



या सदरात आपण घरातल्या लहानमोठ्या कामांविषयी बोलत असतो. आजचा विषय व्यायामाच्या यंत्राची केबल हा आहे. काही जण म्हणतील, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कपाटाला जागा नाही, तिथे व्यायामाचे यंत्र कुठले? पण आता तशी परिस्थिती सगळीकडे राहिलेली नाही. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी मुले-मुली आपल्या वस्तीत गल्लोगल्ली आहेत. दर महिन्याची जिमची फी परवडत नाही, म्हणून कोणी दोघे-तिघे मिळून जुने यंत्र घेतात, पडवीत किंवा गच्चीवर उभे करतात. वस्तीतल्या व्यायामशाळेतही अशी यंत्रे असतात. ती आली त्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यानंतर त्यांच्या केबलकडे कोणी बघत नाही.

मीही बघितले नव्हते. म्हणून आधी माझी चूक सांगतो, मग माहिती देतो.

आमच्या मोठ्या मुलीला पोलीस भरतीत उतरायचे आहे. गोळाफेकीसाठी पाठ आणि खांदे बळकट हवेत, म्हणून घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून जुने यंत्र घेतले. आमचे घर बैठ्या चाळीत आहे. पुढे पत्र्याची पडवी आहे, तिथे ते उभे केले. बसायला बाक, मागे लोखंडी वजनांची चळत, डोक्यावर आडवा दांडा. दांडा खाली ओढला की केबल पुलीवरून फिरते आणि मागची वजने वर जातात.

पावसाळा संपता संपता दांड्याजवळ केबलचे प्लॅस्टिक फाटलेले मला दिसले. आतल्या दोन-तीन तारा तुटून काट्यासारख्या वर आल्या होत्या. नवी केबल आणायची तर एक रजा जाणार आणि पैसेही जाणार. मी काय केले? खराब झालेला चार बोटे तुकडा कापून टाकला, टोक वळवून फासा केला, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक यू-क्लिप आणून प्लॅस्टिकवरच आवळली. केबल तोकडी पडली, म्हणून एक पुली खालच्या भोकात सरकवली आणि दुसऱ्या टोकाचा बोल्ट सैल केला. तो जेमतेम दोन आट्यांवर राहिला. काम झाले, पैसे वाचले, म्हणून मी खूश होतो.

दोन महिन्यांनी एका सकाळी ती क्लिप घसरली. मुलगी पूर्ण जोर लावून दांडा खाली ओढत होती. दांडा सुटून तिच्या कपाळावर आला आणि मागे वजने धाडकन आदळली. भुवईच्या वर तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली लागले असते तर डोळा होता.

मी कार्यालयात बिले तपासतो. एक सही नसलेले व्हाउचर मी मागे पाठवतो, मग समोर साहेबांचा माणूस का असेना. आणि घरात, माझ्या मुलीच्या डोक्यावर टांगलेल्या वस्तूचे काम मीच केले, मीच पास केले. तपासणारा कोणीच नव्हता.

मुलीच्या आईने दवाखान्यातून आल्या आल्या सांगितले, "अहो, ते धूड भंगारात घाला. पोरीचा डोळा गेला असता तर खाकी कुणाला घालणार होतात?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मुलगी मात्र म्हणाली, "पप्पा, यंत्र वाईट नाही. केबल चुकीची बसली होती. मैदानी चाचणी जवळ आलीय, यंत्र देऊ नका."

आबांनी क्लिप उलटून पाहिली

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मुंबईच्या गोदीत कामाला होते. बोटीतून माल उतरवताना लोखंडी वायर रोपच्या खाली त्यांचे आयुष्य गेले. संध्याकाळी ते भावाकडून नातीला बघायला आले. चहा घेतला आणि म्हणाले, "ती तुटलेली वायर दाव."

त्यांनी क्लिप हातात घेतली, उलटीपालटी केली. मला म्हणाले, "ही उलटी लावलीस. आन् एकच लावलीस. आन् प्लॅस्टिकवर लावलीस. तिन्ही चुका एका जागी."

मग त्यांनी यू-क्लिप समजावून सांगितली. तिचे दोन भाग असतात. एक वाकवलेला बोल्ट, म्हणजे कमान, आणि दुसरी खाचा असलेली बैठक. फासा केल्यावर दोन तारा शेजारी येतात. एक भार ओढणारी लांब तार आणि दुसरी वळून आलेले मोकळे टोक. बैठक भार ओढणाऱ्या तारेवर बसली पाहिजे आणि कमान मोकळ्या टोकावर. उलट केले तर कमान कामाच्या तारेला चावते, ती चेपते आणि कमजोर होते. गोदीत नव्या पोराला ते एवढेच सांगत, "कामाच्या तारेला पाट, रिकाम्या टोकाला कमान."

शिवाय बारीक तारेलाही निदान दोन क्लिपा लागतात, आणि त्या उघड्या पोलादावर लागतात. प्लॅस्टिकवर आवळली की ती आधी घट्ट वाटते. पुढे प्लॅस्टिक दबते, पकड जाते आणि तार सरकते. माझ्याकडे नेमके हेच झाले. सगळे बरोबर केले तरी क्लिप लावलेल्या टोकाला तारेच्या मूळ ताकदीच्या साधारण ८० टक्केच ताकद मिळते. आणि व्यायामाच्या यंत्रात क्लिप पुलीला अडकते, हाताला लागते. म्हणून क्लिप हा गोदीतला, मांडवातला, टाकी बांधायचा उपाय आहे. जिथे माणूस खाली बसतो तिथे कारखान्यात दाबून बसवलेले टोकच हवे.

आबा जाताना एक वाक्य बोलले, "साखळी न सांगता तुटते. वायर सांगून तुटते. ऐकणारा पाहिजे."

तारेची भाषा

आबांच्या या बोलण्यामागे इतिहास आहे. जर्मनीत हार्झ नावाच्या डोंगराळ भागात क्लाऊसथाल गावाजवळ खाणी होत्या. तिथे माल वर ओढायला साखळ्या आणि अंबाडीसारख्या वाखाचे दोर वापरत. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली, आणि खाली माणसे. विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या खाण अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर केला आणि १८३४ साली तो खाणीत वापरात आला. त्या पहिल्या दोराला तीन पेड होते आणि प्रत्येक पेडात चार तारा. एक तार तुटली तरी उरलेल्या तारा भार धरतात आणि माणसाला सावध व्हायला वेळ मिळतो. आजची लिफ्ट, क्रेन आणि आपल्या पडवीतले यंत्र यांच्या तारा त्याच कल्पनेवर चालतात.

व्यायामाच्या यंत्राची चांगली केबल सात पेडांची असते आणि प्रत्येक पेडात एकोणीस बारीक तारा. म्हणजे एकूण १३३ तारा. दुकानदार याला 'सात बाय एकोणीस' म्हणतात. तारा जितक्या बारीक आणि जास्त, तितकी केबल पुलीवर सहज वाकते. 'सात बाय सात' केबल थोडी ताठ असते. 'एक बाय एकोणीस' तर फारच ताठ, ती ताणून बांधायला ठीक, पुलीवर नको. वरून नायलॉन किंवा पीव्हीसीचे आवरण असते. त्याने पुली झिजत नाही आणि घामापाण्यापासून थोडे रक्षण होते.

पण हेच आवरण फसवतेही. त्याला चीर पडली की आत पाणी शिरते आणि बाहेर निघत नाही. आत गंज चालू राहतो आणि वरून केबल काळी, गुळगुळीत, चांगली दिसते. म्हणून खालीलपैकी एकही खूण दिसली तर त्या दिवसापासून यंत्र बंद ठेवावे.

आवरणाला चीर किंवा फाट पडून पोलाद दिसणे. आवरणाखाली फुगवटा येणे. एखाद्या जागी केबल बारीक झालेली वाटणे, म्हणजे आत तारा तुटल्या आहेत. केबलला मुडपा बसणे किंवा ती चपटी होणे. मोकळी सोडल्यावर सरळ न राहता पीळ घेणे. टोकाच्या गोळीजवळ, फाशाजवळ किंवा बोल्टजवळ गंजाचा तांबूस डाग. सर्वांत जास्त झीज याच जागी होते, कारण तिथे केबल वाकते आणि टोक मात्र घट्ट असते. तपासताना नजर तिथे आधी गेली पाहिजे.

उघड्या तारेवरून बोट कधी फिरवू नये. तुटलेली तार सुईसारखी शिरते. सुती फडका किंवा कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. जिथे धागा अडकला तिथे तार तुटलेली. आबा गोदीत असेच तपासत असत.

सूत आणि मिलिमीटर

दुसऱ्या रविवारी मी, मुलगी आणि आबा असे तिघे कामाला बसलो. माझे पहिले काम म्हणजे जाडी समजून घेणे.

बाजारात जाडी सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. दीड सूत म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर आणि दोन सूत म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटर. इथे पहिला गोंधळ होतो. केबलला दोन जाड्या असतात. एक आतल्या पोलादाची आणि दुसरी आवरणासकट. ताकद पोलादाच्या जाडीवर ठरते आणि पुलीच्या खाचेत बसणे आवरणासकट जाडीवर ठरते. दुकानात दोन्ही सांगाव्या लागतात. "दीड सुताची द्या" एवढेच म्हटले तर आत एकच सूत पोलाद असलेली केबल हातात येऊ शकते.

ताकदीचा हिशेब बघा. सात बाय एकोणीस घडणीच्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या चांगल्या पोलादी केबलला मानकाप्रमाणे एक सुताला सुमारे ९०० किलो आणि दीड सुताला सुमारे १९०० किलोपर्यंत तुटू नये असे अपेक्षित असते. जाडी दीडपट झाली पण ताकद दुपटीच्या वर गेली, कारण ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढते. मात्र ९०० किलोची केबल म्हणजे ९०० किलो उचलायला मोकळीक नव्हे. कामाचा भार त्याच्या पाचव्या हिश्शात ठेवतात, म्हणजे एक सुताला १८० किलो आणि दीड सुताला ३८० किलो. एवढी शिल्लक का ठेवायची? वजन झटक्याने आले की तारेवरचा ताण दुप्पट होतो, आणि वजन खाली पडता पडता अडले तर त्याहूनही जास्त. शिवाय पुलीवर रोज वाकून तार थकते. घरखर्चात जशी अडीअडचणीची रक्कम बाजूला ठेवतो, तशीच ही शिल्लक आहे. ती रोजच्या खर्चाला काढायची नसते.

म्हणून सांगतो, सायकलच्या ब्रेकची वायर बसवू नका. ती साधारण दीड मिलिमीटरची असते. एक सुताच्या निम्मी जाडी, म्हणजे ताकद पावच. स्कूटरची क्लच वायरही नको. आणि कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची वायर तर मुळीच नको. वरून ती अगदी तशीच दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

माप कसे घ्यावे

पहिल्यांदा माप घेतले तेव्हा मी मुलीच्या आईच्या शिवणकामाची कापडी टेप घेतली. तीन वेळा मोजले, तीन वेगळी मापे आली. जुनी कापडी टेप ताणली जाते. पत्र्याची टेपच घ्यावी.

केबल काढण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. पुल्यांवर खडूने एक, दोन, तीन असे आकडे घालावेत आणि केबल कोणत्या पुलीच्या वरून, कोणत्या पुलीच्या खालून जाते ते कागदावर रेघेने काढावे. काढताना सगळे लक्षात राहील असे वाटते. बसवताना काहीच आठवत नाही.

वजने पूर्ण खाली टेकलेली आहेत आणि पिन काढलेली आहे हे बघून केबल सोडावी. ती जमिनीवर लादीच्या सरळ रेघेला लावून, एकाने एका टोकाला आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला धरून सरळ करावी. फक्त सरळ करायची, ओढून ताणायची नाही.

आता मोजायचे कुठून कुठपर्यंत? टोकाला फासा असेल तर जिथे हूक टेकतो त्या फाशाच्या आतल्या कडेपासून. टोकाला गोळी असेल तर गोळीच्या ज्या बाजूवर ओढ येते त्या आतल्या बाजूपासून, आणि गोळीचा व्यास वेगळा लिहावा. टोकाला आट्यांचा बोल्ट असेल तर बोल्टच्या शेवटच्या टोकापर्यंत, आणि आट्यांची लांबी व बोल्टची जाडी वेगळी लिहावी. काही दुकानदार फाशाच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. म्हणून नुसता आकडा देऊ नये. कागदावर चित्र काढून दोन्ही बाजूंना बाण दाखवावेत. आकड्याला बाण नसेल तर तो सहीशिवायच्या व्हाउचरसारखा आहे.

बोल्टचे आटे इंचाचे की मिलिमीटरचे हे डोळ्याला कळत नाही. दहा मिलिमीटर आणि तीन सूत जवळजवळ सारखे दिसतात. त्या बोल्टवर बोटाने शेवटपर्यंत सहज फिरणारा नट बरोबर घेऊन जावा. एक-दोन फेऱ्यांनंतर अडकला तर तो नट त्याचा नव्हे.

जाडी व्हर्नियरने मोजावी. ते घरात नसते, पण वस्तीत कोणी ना कोणी फिटर किंवा टर्नर असतोच. तार गोल दिसली तरी पेडांमुळे तिला उंचवटे असतात. जबडे उंचवट्यांवर टेकवून सर्वांत मोठे माप धरावे. पुलीवर न येणाऱ्या, न झिजलेल्या भागात मोजावे.

केबल तुटलेली असेल तर दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून ठेवावेत. पिंजारून विस्कटलेल्या तारांची लांबी त्यात धरू नये. माझ्यासारखा एखादा तुकडा कापून टाकला असेल किंवा केबल हरवली असेल, तर घरच्या वायरिंगची एक जाड तार घ्यावी. वजने टेकलेली ठेवून ती केबलच्या वाटेने सगळ्या पुल्यांवरून फिरवावी, खुणा कराव्यात आणि ती मोजावी. सुतळी किंवा नायलॉनची दोरी घेऊ नये, ती ताणते.

केबल शाबूत असली तरी माझे सांगणे असे की दोन्ही रीतीने मोजा. जुनी केबल वापराने किंचित लांबलेली असते. एक माप केबलचे आणि दुसरे यंत्राचे. रोकडवही आणि खातेवही जुळवतो तसे दोन्ही जुळले पाहिजे. मोठा फरक आला तर कुठेतरी चूक आहे, ती सापडेपर्यंत दुकानात जाऊ नये. अर्धा इंच इकडेतिकडे असेल तर लांबीकडे झुकावे. थोडी लांब केबल बोल्टच्या आट्यांवर घट्ट करता येते. आखूड केबलला उपाय नाही. आखूड केबल पुरवायला गेलो, त्यातून काय झाले ते वर सांगितलेच आहे.

खरेदी आणि बसवणे

मुंबईत मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलात तर वायर रोप, पुल्या, बेअरिंग यांची दुकाने ओळीने आहेत. आम्ही बापलेक तिथे गेलो. मुलीने चित्राचा कागद पुढे केला तसा दुकानदार म्हणाला, "लोक नुसते 'जिमची वायर द्या' म्हणतात. असा कागद आणला तर दहा मिनिटांचं काम आहे." फाशात घालायला थिंबल, म्हणजे पन्हाळीसारखी वाकवलेली पत्र्याची खाच, मागून घ्यावी. तिच्यामुळे तार हुकाच्या धारेवर कापत नाही. टोकाला धातूची नळी यंत्राने दाबून बसवतात. ती हातोडीने ठोकून बसवलेली चालणार नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलच्या केबलची चौकशी करावी. तिची ताकद थोडी कमी असते, पण ती सहजासहजी गंजत नाही.

आमच्या यंत्राला दोन केबल होत्या. वरची तुटली होती. खालची बघितली तर तिलाही गोळीजवळ चीर निघाली. दोघींचे वय सारखे होते. दोन्ही बदलल्या.

नवी केबल घालण्याआधी प्रत्येक पुली हाताने फिरवावी. अडखळत असेल, डगमगत असेल किंवा खाचेला धार आली असेल तर पुली आधी बदलावी. नाहीतर नवी केबल महिन्यात खराब होते. नवी पुली जुनीएवढ्याच व्यासाची घ्यावी. लहान पुलीवर तार जास्त वाकते आणि लवकर थकते. पुली आणि तिच्या पट्ट्यांमध्ये केबल निसटून अडकेल एवढी फट राहता कामा नये.

बोल्ट किमान स्वतःच्या जाडीइतका तरी आत गेला पाहिजे, आणि त्यावर चेकनट आवळला पाहिजे. माझ्या दोन आट्यांसारखे काम करू नका. केबल किती ताणावी याची खूण सोपी आहे. वजने टेकलेली असताना वरचे वजन खालच्या वजनावर पूर्ण बसले पाहिजे आणि पिन सहज आत-बाहेर झाली पाहिजे. वरचे वजन अधांतरी राहिले तर केबल जास्त ताणलेली आहे. दांडा हलवला आणि वजने हलायच्या आधी तो बराच खाली आला तर केबल ढिली आहे.

बसवल्यावर लगेच कोणाला खाली बसवू नये. सर्वांत कमी वजन लावून, बाजूला उभे राहून, दांडा दहा वेळा सावकाश ओढावा. प्रत्येक पुलीवर केबल खाचेतच आहे ना हे दुसऱ्याने बघावे. मग वजन वाढवावे. चार-आठ दिवसांत नवी केबल थोडी बसते, तेव्हा पुन्हा एकदा ताण बघून चेकनट आवळावा.

निगा

दर आठवड्याला ओल्या फडक्याने केबल पुसावी आणि लगेच कोरडी करावी. घामात मीठ असते. केबलला खोबरेल किंवा मशीनचे तेल लावू नये. धूळ बसते आणि पुलीवर चिकटा होतो. वजने ज्या दोन उभ्या सळ्यांवर सरकतात त्या पुसून त्यांवर सिलिकॉनचा फवारा मारावा. दर महिन्याला फडका फिरवून पूर्ण केबल, दोन्ही टोके आणि नट तपासावेत. पावसाळ्यात हेच दर आठवड्याला करावे. पत्र्याच्या पडवीत पाणी टपकत असेल तर यंत्रावर प्लॅस्टिक टाकावे, पण ते दिवसा काढावे, नाहीतर आत दमट राहून गंज वाढतो. आणि व्यायाम करताना वजने आपटू नयेत. आवाज ऐकून बघणाऱ्यांना जोर वाटतो, पण त्या प्रत्येक आपटण्याचा झटका केबल सोसत असते.

आमच्या पडवीत आता यंत्राजवळ एक वही टांगलेली आहे. तारीख, काय बघितले, कोणी बघितले आणि सही. मुलीने तपासले तर मी फिरून बघतो. मी तपासले तर ती बघते. एकाच्याच सहीवर आता काही पास होत नाही.

कपाळाची खूण राहील असे डॉक्टर म्हणाले. मुलीची आई अजून पडवीतून जाताना वरच्या पुलीकडे एकदा बघते. तिला कोणी सांगितले नाही, पण आमच्या घरातली खरी तपासणीस तीच झाली आहे.

मागच्या रविवारी मुलगी सुती फडका घेऊन वस्तीतल्या व्यायामशाळेत गेली. चार केबलवरून फडका फिरवला. दोन जागी धागा अडकला. तिने त्या दोन यंत्रांवर 'बंद' असा कागद लावला. मुले कुरकुरली, "ताई, कालपर्यंत तर चालू होतं." तिने कपाळ दाखवले आणि म्हणाली, "आमचंही आदल्या दिवशीपर्यंत चालू होतं." आता वर्गणीचा कागद फिरतो आहे, आणि मापाचे चित्र मुलांनीच काढले आहे.

आपल्याही वस्तीत असे यंत्र असेल. येत्या रविवारी एक फडका घेऊन जा. पंधरा मिनिटांचे काम आहे. धागा अडकला तर पहिल्यांदा 'बंद'चा कागद लावा, मग बाकीचे बोला.